पॅकेट शेड्युलिंग: नेट फास्ट असूनही कॉल का अडकतो?

गारखेड्यातल्या आमच्या घरी मागच्या वर्षी धाकट्या बहिणीची ऑनलाइन मुलाखत होती. तिसऱ्याच मिनिटाला आवाज तुटायला लागला, चित्र थिजलं. स्पीड टेस्ट मात्र झकास! गुन्हेगार मीच निघालो. आतल्या खोलीत माझ्या लॅपटॉपवरून लग्नाचे फोटो क्लाउडवर चढत होते. नोकरी हातची गेली आणि मी राउटरच्या रांगेबद्दल वाचायला बसलो.

नेटवर सगळी माहिती तुकड्यांनी, म्हणजे पॅकेट्सनी जाते. मोठं पॅकेट साधारण 1500 बाइटचं. बाहेर जायची वाट एकच, त्यामुळे राउटर त्यांना रांगेत उभं करतो. साधा नियम असा की जो आधी आला तो आधी सुटणार. यालाच फिफो म्हणतात. दिसायला न्याय्य वाटतं, पण हिशेब करून बघा. अपलोड 5 एमबीपीएस आहे आणि रांगेत फोटोंचा 1 एमबी माल उभा आहे, म्हणजे 80 लाख बिट. ही रांग सरायला 1.6 सेकंद लागतात. आवाजाचं इवलंसं पॅकेट तोवर मागे ताटकळतं. या दुखण्याचं नाव बफरब्लोट.

उपाय म्हणजे प्रत्येकाला वेगळी रांग आणि पाळी. आपल्या शहरात नळाला पाणी पाळीनेच येतं, त्यामुळे हे समजायला जड जाऊ नये. जॉन नेगल यांनी 1985 मध्ये ही कल्पना मांडली. पण पाळीला एकच पॅकेट सोडलं तर 1500 बाइटवाला 200 बाइटवाल्यापेक्षा साडेसातपट माल नेतो. म्हणजे एकाचा हंडा आणि दुसऱ्याचा तांब्या! 1989 मध्ये डेमर्स, केशव आणि शेंकर यांनी तोड काढली. प्रत्येकाचा एकेक बिट सोडला असता तर कुठलं पॅकेट आधी संपलं असतं, ते काढायचं आणि त्या क्रमाने पाठवायचं. न्याय चोख, पण क्रम सतत लावत बसावा लागतो आणि रांगा वाढल्या की कामही वाढतं.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती 1995 ची आहे, श्रीधर आणि जॉर्ज वर्गीस यांची. (वर्गीस आपल्या पवईच्या आयआयटीत शिकलेले.) नाव डेफिसिट राउंड रॉबिन. ही चक्क उधारीची वही आहे. समजा, प्रत्येक रांगेच्या खात्यात दर पाळीला 1000 बाइट जमा होतात. कॉलची 200 बाइटची पाच पॅकेट्स लगेच सुटतात. फोटोचं पॅकेट 1500 चं, म्हणून ते थांबतं, पण त्याचे 1000 बुडत नाहीत. पुढच्या पाळीला 2000 होतात, पॅकेट सुटतं, 500 शिल्लक राहतात. रांग रिकामी झाली की खातं शून्य, म्हणजे कोणी साठेबाजी करू शकत नाही. क्रम लावायची गरजच नाही. दर पाळीची जमा सगळ्यात मोठ्या पॅकेटइतकी ठेवली, तर रांगा कितीही असोत, प्रत्येक पॅकेटमागचं काम तेवढंच राहतं.

हे झालं एका राउटरचं. अख्ख्या जाळ्याचं काय? मार्ग ठरलेले असताना सगळ्यात गर्दीच्या तारेवरून जाणारी पॅकेट्स सी आणि सगळ्यात लांब मार्गाचे टप्पे डी धरले, तर दोन्हीतल्या मोठ्या आकड्यापेक्षा कमी वेळ लागणं शक्यच नाही. लेटन, मॅग्ज आणि राव यांनी 1988 मध्ये दाखवलं की सी अधिक डी याच्या ठरावीक पटीत सगळी पॅकेट्स पोचवणारं वेळापत्रक नेहमी असतं. त्यामागची मूळ कल्पना साधी आहे: सगळ्यांनी एकदम निघू नका, प्रत्येकाने चिठ्ठी काढून थोडं थांबून निघा. जालना रोडवर सकाळी हे कोणी ऐकेल का, हा भाग वेगळा.

घरी काय कराल? ओपनडब्ल्यूआरटी चालणारा राउटर असेल तर त्यात एसक्यूएम सुरू करा आणि एफक्यू-कोडेल निवडा. त्यात वर्गीस यांचीच पाळी थोडी बदलून वापरली आहे, शिवाय रांगेतला उशीर 5 मिलिसेकंदांच्या आसपास ठेवायचा प्रयत्न असतो. वेग मात्र मोजलेल्या वेगाच्या 90 टक्के भरा. पूर्ण भरलात तर रांग पुढच्या मोडेममध्ये साचते, आणि तिथे तुमचं काही चालत नाही.