उन्हाळ्यात ज्वारीचा गार घोळाणा : साहित्य, कृती आणि घ्यायची काळजी

ढोकी : रब्बीची ज्वारी घरात आली की कडक ऊन सुरू होतं. एप्रिल-मे महिन्यात धाराशिव जिल्ह्यात पारा चाळिशी गाठतो. दुपारी गरम भाकरी, तिखट कालवण नको वाटतं. भूक मरते, माणूस नुसतं पाणी आणि चहा पिऊन राहतो आणि अंगात त्राण उरत नाही. अशा वेळी घरच्याच ज्वारीचा गार घोळाणा उपयोगी पडतो.

घोळाणा आपल्याला नवा नाही. कच्ची मेथी किंवा कांद्याची पात, शेंगदाण्याचं कूट, तिखट-मीठ आणि वरून तेल असा घोळाणा भाकरीसोबत आपण खातोच. उन्हाळ्यात मेथी कमी मिळते, म्हणून इथं कोथिंबीर आणि पुदिना घ्यायचा. भाकरीच्या जागी शिजवलेली अख्खी ज्वारी त्यातच मिसळायची.

साहित्य (चार माणसांसाठी)

- अख्खी ज्वारी : १ वाटी
- काकडी २, कांदा १, टोमॅटो १
- कैरीचा कीस : २ चमचे
- बारीक चिरलेली कोथिंबीर : १ वाटी
- पुदिन्याची पानं : १५ ते २०
- शेंगदाण्याचं जाडसर कूट : ३ चमचे
- हिरवी मिरची १, भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा चमचा
- लिंबू १, मीठ चवीपुरतं, कच्चं तेल १ चमचा

कृती

१. ज्वारी निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजत घाला. सकाळी ते पाणी फेकून द्या.

२. कुकरमध्ये ज्वारी, तिच्या तिप्पट पाणी आणि चिमूटभर मीठ घाला. एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून २० ते २५ मिनिटं ठेवा. दाणा बोटानं दाबला की दबला पाहिजे, पण त्याचा लगदा होता कामा नये. कच्चा वाटला तर आणखी पाच-दहा मिनिटं शिजवा.

३. चाळणीत ओतून पाणी निथळून घ्या. हे पाणी टाकू नका, आमटीत घाला. ज्वारी परातीत पातळ पसरा, म्हणजे लवकर गार होईल. पातेल्यात गच्च झाकून ठेवली तर मधे ऊब राहते आणि ती लवकर खराब होते.

४. काकडी, कांदा, टोमॅटो, मिरची बारीक चिरा. पुदिना हातानं तोडा. सगळं गार ज्वारीत मिसळा.

५. कूट, जिरेपूड, तेल, मीठ आणि लिंबू अगदी शेवटी, खायला बसताना घाला. आधी मीठ घातलं की काकडीला पाणी सुटतं. कैरी फार आंबट असेल तर लिंबू अर्धंच पिळा.

खाऊन काय मिळतं?

१०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं, तितकेच तंतू आणि ४ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. लिंबू, कैरी, टोमॅटोतल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळं हे लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटं होतं, म्हणून तास-दीड तास थांबा. कोणतीही पांढरी ज्वारी चालते. मालदांडी बहुतेकांच्या घरात असतेच. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं ‘इक्रिसॅट’सोबत काढलेल्या ‘परभणी शक्ती’ या वाणात लोह आणि जस्त जास्त असतं.

या चार गोष्टी विसरू नका

ज्वारीला मोड आणून खाऊ नका. मटकीला मोड आणतो तसे ज्वारीलाही आणावेत असं काहींना वाटतं. पण कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किराळ लागते, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. ज्या घटकापासून ते विष तयार होतं, तो ज्वारीच्या मोडातही असतो. पिकलेल्या कोरड्या दाण्याची ही भीती नाही. मोडच हवे असतील तर मटकी किंवा मूग घ्या आणि वाफवून घाला.

बियाण्याची ज्वारी नको. पेरून उरलेल्या पिशवीतल्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं. ते कितीही धुतलं तरी खाण्यासारखं होत नाही.

पाला चांगल्या पाण्यात धुवा. उन्हाळ्यात अनेक गावांत टँकरचं नाहीतर तळाला गेलेल्या विहिरीचं पाणी असतं. कोथिंबीर-पुदिना आपण कच्चाच खातो. म्हणून माती निघेपर्यंत धुऊन, शेवटचं धुणं उकळून गार केलेल्या पाण्यात करा.

शिळं ठेवू नका. शिजवलेलं धान्य उकाड्यात लवकर बिघडतं आणि दर वेळी वास येतोच असं नाही. घरात सावलीला असेल तर दोन तासांत, बाहेर चाळीस अंशांच्या उन्हात तासाभरात संपवा. सकाळचा घोळाणा संध्याकाळी गरम करून खाणंही धोक्याचं आहे.

शेतात न्यायचा असेल तर?

शिजवलेली ज्वारी डब्यात नेऊ नका. त्याऐवजी ज्वारीच्या लाह्या न्या. लाह्या कोरड्या असल्यानं दुपारपर्यंत बिघडत नाहीत. अख्खी काकडी, कांदा, लिंबू, धुतलेली कोथिंबीर आणि कूट-मिठाची पुडी वेगळी बांधा. झाडाखाली बसून चिरा, लाह्या शेवटी घाला आणि लगेच खा, नाहीतर त्या मऊ पडतात. घरी खाणार असाल तर लाह्यांवर गार ताक घातलं तरी चालतं.

लहान लेकरांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, बारीक कूटच घाला. ब्लडप्रेशर असणाऱ्यांनी मीठ हात राखून घालावं. शुगर असणाऱ्यांनीही ज्वारी वाटीच्या मापानंच खावी.

आणि एक लक्षात ठेवा, घोळाण्यानं पोट भरतं, पण ऊन लागलेल्या माणसाचा तो इलाज नव्हे. अंग तापलंय, माणूस बरळतोय किंवा चक्कर येऊन पडला, तर त्याला सावलीत आणा, अंग ओल्या फडक्यानं पुसा आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी किंवा दुसरं काहीही घालू नका.