जीपगाडीची निगा : इतिहास आणि भाषा

यंत्रांविषयी बोलताना ‘निगा’ आणि ‘दुरुस्ती’ हे दोन शब्द आपण बहुधा जोडीने वापरतो, आणि जोडीने वापरल्यामुळेच त्यांतील भेद आपल्या लक्षात येत नाही. दोन्ही शब्द मूळचे फारसी. ‘दुरुस्ती’ म्हणजे बिघडलेले पूर्ववत करणे. ‘निगा’ हा शब्द ‘निगाह’ म्हणजे दृष्टी यापासून आलेला असून त्यात बिघाड गृहीत धरलेला नाही. केवळ लक्ष ठेवणे, पाहत राहणे एवढेच त्यात अभिप्रेत आहे. महाराष्ट्रातील घाटवाटांवर व शिवारांत जीप या वाहनाला जे दीर्घायुष्य लाभले त्याचे कारण सामान्यतः तिच्या इंजिनात किंवा चारही चाकांना मिळणाऱ्या ओढीत शोधले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते निगेत शोधले पाहिजे. आणि या निगेचा इतिहास कारखान्याच्या दफ्तरापेक्षा गॅरेजातील बोलीत अधिक विश्वसनीयपणे नोंदला गेला आहे.

लेखक यंत्रशास्त्राचा अभ्यासक नाही. भाषाशास्त्र हा त्याचा विषय. १९८९ साली बनलेली, प्यूजोच्या परवान्याने तयार झालेल्या डिझेल इंजिनाची एक एमएम ५४० जीप गेली अकरा वर्षे त्याच्यापाशी आहे, आणि तिच्यापायी गॅरेजांत जो काळ गेला त्यात कानावर पडलेले शब्द टिपून ठेवण्याची सवय त्याला लागली. पुढील विवेचनातील भाषाविषयक भाग प्रायः त्या टिपणांवर आधारलेला आहे.

प्रथम या वाहनाच्या जन्माविषयी. १९४० च्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या सैन्याने सुमारे १३५ कारखानदारांकडे पाव टन भार वाहणाऱ्या, चारही चाकांना ओढ असणाऱ्या एका हलक्या गाडीची मागणी पाठविली. पहिला नमुना अवघ्या ४९ दिवसांत हवा होता, आणि गाडीचे वजन १,३०० पौंडांच्या आत असावे अशी अट होती. ही अट अशक्यप्राय होती व पुढे ती सैल करावी लागली. अमेरिकन बॅन्टम या डबघाईला आलेल्या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट यांच्या आराखड्यावरून बनविलेली गाडी २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदतीत, हजर केली. त्यानंतर विलिस-ओव्हरलँड व फोर्ड यांचेही नमुने आले आणि ६० अश्वशक्तीच्या इंजिनाच्या जोरावर विलिसचा नमुना पसंत ठरला. महायुद्ध संपेपर्यंत विलिस व फोर्ड मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बनल्या. ज्या बॅन्टमने वाट दाखविली तिच्या वाट्याला या कामाचा अल्पसा अंश आला. पुढे जीपच्या जनकत्वाचा दावा विलिसने जाहिरातींतून केला तेव्हा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९४८ साली तो अमान्य केला, एवढेच बॅन्टमचे समाधान.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची बाब वेगळी आहे. फोर्डने ही गाडी विलिसच्याच आराखड्यावरून बनविली, आणि एकीचे भाग दुसरीला बसावेत हे बंधन पाळले गेले. फोर्डने आपल्या बोल्टांच्या माथ्यांवर आपल्या नावाचे आद्याक्षर उठविले खरे, पण त्या बोल्टांचे आटे विलिसच्या गाडीलाही चालत. रणभूमीवर तीन मोडक्या गाड्यांतून एक धडधाकट गाडी उभी करता येई ती यामुळे. सैन्याने १९४४ साली या गाडीची जी देखभाल-पुस्तिका काढली, तीत निगेच्या पायऱ्या ठरवून दिल्या होत्या आणि त्यांपैकी पहिली पायरी चालकाची होती. गाडी सुरू करण्यापूर्वी, वाटेत थांबल्यावर व मुक्कामी पोहोचल्यावर काय काय पाहावे हे त्याला सांगितलेले होते. ‘निगा’ या शब्दाची याहून चांगली व्याख्या लेखकास कोठे आढळली नाही.

‘जीप’ या नावाच्या व्युत्पत्तीविषयी आपल्याकडील सुशिक्षितांतही एक समज रूढ आहे : ‘जनरल पर्पज’ या शब्दांची आद्याक्षरे ‘जी’ व ‘पी’, त्यांचा झटपट उच्चार ‘जीप’. ही लोकव्युत्पत्ती ऐकण्यास गोड असली तरी स्वीकारणे कठीण आहे. फोर्डच्या संकेतात ‘जी’ हे अक्षर सरकारी मालाचे आणि ‘पी’ हे अक्षर दोन आसांमधील ८० इंचांच्या अंतराचे द्योतक होते. ‘सर्वकामी’ असा त्याचा अर्थ नव्हता. शिवाय ई. सी. सेगर यांच्या पॉपाय या चित्रमालिकेत १९३६ साली ‘यूजीन द जीप’ नावाचा, कोठेही जाऊ शकणारा एक अद्भुत प्राणी अवतरला होता, आणि सैनिकांच्या बोलीत नव्या रंगरूटाला व अजून न पारखलेल्या वाहनाला ‘जीप’ म्हणण्याची चाल या गाडीच्या आधीपासूनच होती. आद्याक्षरांवरून खरोखर बनलेले नाव पाहावयाचे असेल तर ते आपल्याच देशात आहे. १९६९ पासून जबलपूरच्या सैनिकी कारखान्यात निसानच्या परवान्याने जी गाडी बनू लागली, तिचे ‘जोंगा’ हे नाव ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या शब्दांतून काढलेले आहे. पण हे नाव ऐकणाऱ्या बहुतेकांना ते एखाद्या आफ्रिकी पशूचे वाटते. खरी व्युत्पत्ती खोटी वाटावी आणि खोटी खरी वाटावी, हा भाषेचा नेहमीचा खेळ आहे.

हिंदुस्थानात जीप महायुद्धाबरोबर आली आणि युद्ध संपल्यावर सैन्याच्या जादा मालाच्या विक्रीतून नागरी जीवनात शिरली. ‘डिस्पोजलचा माल’ हा मराठीतील शब्दप्रयोग याच काळाची देणगी होय. जुनी लष्करी जीप घेणे म्हणजे काय, याचा एक धडा स्वतंत्र भारताच्या शासनालाही मिळाला. काश्मीरमधील लढाई चालू असता १९४८ साली लंडनमधील उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यामार्फत जुन्या, नूतनीकरण केलेल्या जीपगाड्यांचा सुमारे ८० लाख रुपयांचा सौदा झाला. त्यांपैकी १५५ गाड्या आल्या आणि सैन्याने त्या वापरण्याजोग्या नाहीत म्हणून नाकारल्या. १९५५ साली शासनाने ते प्रकरण मिटले असे जाहीर केले. या सौद्याची चर्चा राजकारणाच्या अंगाने पुष्कळ झाली आहे, आणि ती व्हावयास हवीच होती. जुनी गाडी पाहावयास जाणाऱ्यास मात्र त्यात आणखी काही दिसते : गाडीची किंमत रंगावरून ठरत नाही, तिची निगा कोणी व किती दिवस राखली यावरून ठरते, आणि ही गोष्ट कागदावरून कळत नाही.

याच सुमारास मुंबईत माझगाव येथे सुट्या भागांतून विलिस जीप जुळविण्याचे काम सुरू झाले. ते करणारी कंपनी १९४५ साली ‘महिंद्र अँड महंमद’ या नावाने निघाली होती. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, १९५१ साली त्या देशाचे गव्हर्नर-जनरल झाले, आणि इकडे १९४८ मध्ये कंपनीच्या नावातील दुसरे पद बदलले. पुढे परवाना मिळून गाड्या येथेच बनू लागल्या. १९५३ साली निघालेला सीजे-३बी हा उंच बॉनेटचा नमुना मूळ देशात १९६८ साली बंद झाला, परंतु आपल्याकडे तो व त्याची संतती त्यानंतरही कित्येक दशके बनत राहिली. अर्थशास्त्राचे अभ्यासक यास परवाना-पद्धतीतील साचलेपणा म्हणतील, व ते चूक नाही. मात्र या साचलेपणाचा एक परिणाम असा झाला की, बापाने उघडलेले यंत्र मुलालाही ओळखीचे राहिले. एकच रचना एवढा काळ हातांखालून गेली तेव्हाच तिच्याभोवती बोली तयार झाली.

या बोलीकडे पाहिले असता प्रथम नामे दिसतात. क्लच, गिअर, ब्रेक, बेअरिंग, रेडिएटर ही वाहनाबरोबर आलेली. दुरुस्ती करणारा ‘मेस्त्री’ व त्याच्या हातातील ‘चावी’ हे शब्द पोर्तुगीजांचे. तेलाला व ग्रीसला मिळून ‘वंगण’ हा शब्द बैलगाडीचा. गाडीच्या बुडाशी टांगलेला वंगणाचा नळा पाहिलेली माणसे अजून हयात आहेत. स्प्रिंगांच्या पट्ट्यांना ‘पाटे’, मागच्या झडपेला ‘फाळका’, छपराला ‘टप’, बोल्टावरील मळसूत्री खाचांना ‘आटे’. ‘जीप’ हा शब्द स्वतः ‘गाडी’ व ‘मोटार’ यांच्या मागून स्त्रीलिंगी झाला. ट्रक मात्र पुल्लिंगी राहिला. पुढे या नावाची व्याप्ती इतकी वाढली की वृत्तपत्रे ‘क्रूझर जीप’ असे सहज लिहितात, म्हणजे एका कंपनीची नोंदलेली खूण दुसऱ्या कंपनीच्या गाडीला जातिवाचक नाम म्हणून लावतात. सातारा-कोल्हापूरकडे प्रवासी वाहतुकीच्या जीपला ‘वडाप’ आणि मराठवाड्यात-विदर्भात ‘काळी-पिवळी’ म्हणतात, तो निराळा व मोठा विषय आहे.

परंतु नामे पाहुणी असतात. भाग कोठून आला एवढेच ती सांगतात. निगा कोणी राखली हे क्रियापदांवरून कळते, आणि क्रियापदे जवळजवळ सर्व घरची आहेत. उदाहरणार्थ ‘बसणे’. टायर बसला म्हणजे त्यातील हवा गेली. पाटे बसले म्हणजे त्यांची कमान सपाट झाली. इंजिन बसले म्हणजे ते निकामी झाले. पण बेअरिंग बसले म्हणजे ते आपल्या जागी अचूक गेले, आणि ही आनंदाची वार्ता! अपरिचितास हा गोंधळ वाटेल. गॅरेजात तो कधी होत नाही, कारण कोणता भाग कसा ‘बसतो’ हे ऐकणाऱ्यास ठाऊक असते. नेमके जागी जाणे हा अर्थ फार जुन्या कामाशी जुळतो. लोहार धाव तापवून लाकडी चाकावर चढवीत असे व पाणी ओतताच ती आवळून ‘बसत’ असे. ‘सुटणे’ या क्रियापदाचेही असेच आहे : बोल्ट सुटतो तो दोष, अडकलेला बोल्ट सुटतो ती सुटका, गिअर आपोआप सुटतो तो मोठ्या खर्चाचा इशारा. शिवाय झिजणे, घासणे, आवळणे, ओढणे, तापणे, गळणे. ही सर्व अकर्मक योजनेत येतात. ‘पाटा तुटला’ असे म्हणतात, ‘मी पाटा तोडला’ असे मालक कधीही म्हणत नाही, आणि सभ्य मेस्त्री त्यास तसे म्हणावयास लावीत नाही.

ही क्रियापदे निगेचे ज्ञान कसे साठवतात याचे एक उदाहरण अनुभवातील देतो. जुन्या जीपमध्ये पुढील व मागील आस यांच्यामध्ये फरक सामावून घेणारी यंत्रणा नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांहून अधिक अंतर कापतात; चिखलात वा वाळूत चाके किंचित घसरून हा फरक फेडतात, डांबरी रस्त्यावर तो फेडला जात नाही आणि सगळा ताण दंतचक्रांवर साचतो. यासाठी घट्ट रस्ता लागताच पुढची ओढ सोडावयाची असते. लेखकाने एकदा ती सोडली नाही. पुढे दांडा जागचा हलेना. मेस्त्रींनी दांड्याला हात न लावता विचारले, “सर, फोरव्हील लावून डांबरीवर आलात न्हवं? गाडी आवळलीया. जरा मागं घ्या.” गाडी चार हात मागे घेताच दांडा सुटला. धाव ‘आवळते’ तशी गाडी ‘आवळली’. ज्या घटनेला पुस्तकात अर्धे पान लागते तिचे निदान व उपाय एका क्रियापदात आले. दुसऱ्या वेळी भोर तालुक्यातील एका ओढ्यातून पावसाळ्यात गाडी नेली. आठ दिवसांनी मागच्या आसाच्या घरातील तेल काढून पाहिले तर ते पांढुरके निघाले. “ह्याचं ताक झालंय,” मेस्त्री म्हणाले. पाणी शिरल्याने तेलाचे वंगणपण गेले होते. ओढा ओलांडल्यावर दुसऱ्याच दिवशी बूच काढून पाहावे, एवढी निगा लेखकाने राखली नव्हती. आणखी महिनाभर ती राखली नसती तर बेअरिंगे गेली असती.

गेल्या दोन दशकांत हे चित्र बदलू लागले आहे. २०१० साली ‘थार’ आली, २०२० साली तिचा सर्वस्वी नवा अवतार आला. इंजिनाचा कारभार विद्युत्संवेदकांकडे गेला. नवी गाडी अधिक सुरक्षित, अधिक स्वच्छ व अधिक आरामदायी आहे, यात वाद नाही. घाटात अपघात झाला तर लेखक जुन्या जीपपेक्षा नव्या गाडीत असणे पसंत करील. जुन्या गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण व तपासणी करावी लागते, तेही अयोग्य नाही. मात्र एका मोठ्या सेवाकेंद्रात लेखकाची जीप दारातूनच परत पाठविली गेली, कारण तिच्या भागांचे क्रमांक तेथील संगणकात नव्हते. तेथील तरुण कारागीर अडाणी मुळीच नव्हते, रीतसर शिकलेले होते.

त्यांचे बोलणे लेखकाने काही वेळ ऐकले. ‘सेन्सर गेला.’ ‘कॉइल गेली.’ ‘मॉड्यूल गेले.’ क्रियापद मराठीच आहे, पण एकच आहे. जुन्या मेस्त्रीचा पाटा आधी बसतो, मग घासतो, मग तडकतो, मग तुटतो; या चार क्रियापदांमध्ये मालकाला काही महिन्यांची मुदत असते आणि निगेला जागा असते. संवेदक आज असतो, उद्या ‘गेलेला’ असतो. मधल्या अवस्थेला क्रियापद नाही, कारण ती डोळ्यांस दिसत नाही व कानास ऐकू येत नाही. मेस्त्रींचा मुलगा आता वडिलांच्याच जागेत दोन्ही प्रकारच्या गाड्या घेतो. नव्या गाडीपाशी तो प्रथम यंत्र जोडून संकेतांक वाचतो, लेखकाची जीप आली की अजून तो प्रथम तिच्याभोवती एक फेरी मारतो, वाकून खाली पाहतो आणि मग विचारतो, “आवाज कधी येतो?”