म्युकरमायकोसिस : एवढ्या लांब नावात दडलंय काय?

मे २०२१. कोरोनाची दुसरी लाट. आमच्या वारज्यात रुग्णांच्या तोंडी अचानक एक नवा शब्द आला. कोणी 'म्युकर' म्हणे, कोणी 'म्युकस', कोणी नुसतं 'ते काळं'. शब्द लांब आहे खरा, पण त्याची फोड केली की आजार निम्मा समजतो.

म्यु-कर-माय-को-सिस. पाच अक्षरखंड. 'म्युकर'नंतर किंचित थांबा आणि मग 'मायकोसिस' म्हणा.

'म्युकर' हा लॅटिन शब्द, अर्थ बुरशी. 'मायको' आला ग्रीक 'मायकीस'वरून, म्हणजे अळंबी किंवा बुरशी. 'ओसिस' हा ग्रीक प्रत्यय आजाराची अवस्था सांगतो. १८८५ साली पाल्टॉफ यांनी या आजाराचं वर्णन 'मायकोसिस म्युकोरिना' या नावाने केलं. आजचं नाव १९५७ साली अमेरिकेतल्या बेकर यांनी रूढ केलं.

हाच 'मायकीस' तुमच्या औषधांच्या डब्यातही आहे : अझिथ्रोमायसिन! बुरशीसारख्या तंतूंनी वाढणाऱ्या मातीतल्या जिवाणूंपासून अशी औषधं मिळाली, म्हणून नावात 'मायसिन' आलं. पण ती जिवाणूंवर चालतात, बुरशीवर नाही. म्युकरला अँफोटेरिसिन-बी सारखं औषध लागतं आणि बहुधा शस्त्रक्रियाही.

आपण दिलेलं 'काळी बुरशी' हे नावही फसवं. बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते; काळी पडते ती मेलेली पेशीजालं. नावामुळे लोक कांद्यावरचा काळा थर खरवडत बसले आणि वाढलेली साखर मात्र मोजायची राहिली.

२० मे २०२१ रोजी केंद्राने राज्यांना हा आजार १८९७ च्या साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. हा कायदा मुंबई इलाख्यातल्या प्लेगच्या वेळचा. म्युकर मात्र माणसाकडून माणसाला होत नाही. तो गाठतो अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइडचा अतिवापर किंवा खालावलेली प्रतिकारशक्ती असलेल्यांना.

उच्चार चुकला तरी चालेल, पण लक्षणं चुकवू नका. चेहऱ्याची एक बाजू सुजणं किंवा बधिर होणं, डोळा दुखणं, एकाची दोन दिसणं, नाकातून काळसर स्राव, टाळूवर काळा डाग, दात अचानक हलणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.