लिम्फोसाइट जातात कुठे? आतड्याच्या वाटेच्या शोधाचा इतिहास

१/ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शरीरशास्त्रातील एक हिशेब जुळत नव्हता. छातीतील मुख्य लसिकावाहिनी रोज इतक्या लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, रक्तात ओतते की रक्तातील त्यांची संख्या दिवसभरात कित्येक पट वाढावी. प्रत्यक्षात ती स्थिर असे. मग या पेशी जात कुठे?

२/ त्या अल्पायुषी असून कुठेतरी नष्ट होतात, असा अनेकांचा तर्क होता. पेनिसिलिनसाठी नोबेल मिळालेले हॉवर्ड फ्लोरी यांनी ऑक्सफर्डमध्ये हे कोडे जेम्स गोवन्स या तरुण संशोधकापुढे ठेवले.

३/ गोवन्स यांनी उंदरांच्या लसिकावाहिनीत बारीक नळी बसवली. लसिका सतत बाहेर काढली की तिच्यातील पेशी झपाट्याने घटत; त्याच पेशी रक्तात परत सोडल्या की संख्या सावरे. १९५९ मध्ये किरणोत्सर्गी खूण केलेल्या पेशींनी उत्तर पक्के केले. पेशी मरत नव्हत्या; रक्तातून लसिकाग्रंथींत, तेथून लसिकेत आणि पुन्हा रक्तात, अशी त्यांची फेरी अखंड चालू होती.

४/ १९६४ मध्ये गोवन्स आणि नाइट यांना आणखी एक गोष्ट दिसली. लसिकेतील मोठ्या लिम्फोसाइट या फेरीत सामील न होता बहुसंख्येने आतड्याच्या भिंतीत शिरत होत्या. आतड्याचा पत्ता त्यांना कोण सांगत होते?

५/ उत्तर १९९० च्या दशकात मिळाले. या पेशींच्या पृष्ठभागावर ‘अल्फा-४ बीटा-७’ हे प्रथिन असते आणि आतड्यातील रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर ‘मॅडकॅम-१’. एक किल्ली, दुसरे कुलूप. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारांत याच वाटेने येणाऱ्या पेशी आतड्याचा दाह धगधगता ठेवतात.

६/ मग वाटच अडवली तर? नॅटालिझुमॅब या औषधाने किल्लीचा अल्फा-४ हा भाग झाकला. परंतु मेंदूकडे जाणाऱ्या पेशींच्या किल्लीतही तोच भाग असतो. मेंदूचा पहारा ढिला पडला, सुप्त जेसी विषाणू जागा झाला आणि काही रुग्णांना मेंदूचा घातक संसर्ग जडला. मल्टिपल स्क्लेरोसिससाठी नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या या औषधाची विक्री फेब्रुवारी २००५ मध्ये थांबवावी लागली. पुढे २००६ मध्ये ते कडक निर्बंधांसह परतले.

७/ २०१४ मध्ये मान्यता मिळालेले व्हेडोलिझुमॅब मात्र अल्फा-४ आणि बीटा-७ यांची जोडीच ओळखते. ते आतड्याचे दार अडवते. मेंदूचे उघडे राहते. पेशी काय करते, याइतकेच ती कुठे जाते हेही महत्त्वाचे, हा धडा गोवन्स यांच्या नळीपासून सुरू झाला होता. त्याची पुरती किंमत कळायला मात्र अर्धे शतक आणि काही रुग्णांचे प्राण खर्ची पडले.