सांत्वनवचने (पवित्र शास्त्रातील)

आजारपण, मृत्यू, दुष्काळ, कर्ज अशा प्रसंगी ख्रिस्ती घरांत वाचले किंवा तोंडपाठ म्हटले जाणारे पवित्र शास्त्रातील उतारे. मराठी मंडळ्यांत स्तोत्रसंहितेतील 23, 46, 91 आणि 121 ही स्तोत्रे, यशयाचा 40 वा अध्याय, मत्तय 11 च्या शेवटी भागलेल्यांना दिलेले आमंत्रण, योहान 14 व रोमकरांस पत्राचा 8 वा अध्याय हे नेहमीचे.

शिकागोत 1890 मध्ये फ्रेडरिक फ्रान्सन यांनी स्थापलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम खानदेशात काम सुरू केले. तिथल्या साक्री-नवापूर पट्ट्यात घरची बोली कोकणा, मावची, भिल्ली किंवा अहिराणी. वचने मात्र बहुधा ग्रांथिक मराठीत. अशा ठिकाणी वाचनापेक्षा कानाला महत्त्व येते. नारायण वामन टिळकांनी (1861–1919) ख्रिस्ती उपासनेत अभंग-भजनाची चाल रुजवली, तिचे मोल इथे कळते. दुःखाच्या घरी मंडळी जमतात, एक जण अध्याय वाचतो, बाकीचे भजन धरतात.

पंडिता रमाबाईंचे (1858–1922) उदाहरण या विषयात टाळता येत नाही. 1870 च्या दशकातील दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊ, 1882 मध्ये पती. इंग्लंडमध्ये शोमरोनी स्त्रीची कथा (योहान 4) त्यांना भिडली. तिरस्कृत स्त्रीशी येशू बरोबरीने बोलतो, हे त्यांना विशेष वाटले. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळग्रस्त स्त्रिया-मुलींना आसरा देता देता त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत अख्खे शास्त्र उतरवले, अल्पशिक्षित बायकांना समजावे म्हणून. जुलै 1921 मध्ये मुलगी मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. दुःख विसरायला नव्हे, दुःखासकट उभे राहायला शास्त्र कसे उपयोगी पडते, याचा हा दाखला.

वचन संदर्भातून तोडले की त्याचा अर्थ फार गुळगुळीत होतो. भविष्य आणि आशा यांचे आश्वासन म्हणून सर्रास सांगितले जाणारे यिर्मया 29:11 हे बाबेलात बंदिवान झालेल्यांना लिहिलेल्या पत्रातले आहे, आणि आधीच्याच ओळीत सुटकेला सत्तर वर्षे लागतील असे बजावले आहे. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती दिसणार नव्हती. 150 स्तोत्रांपैकी सुमारे तिसरा हिस्सा तक्रारीचा आहे. 88 वे तर अंधारातच संपते. सांत्वनाला जाणाऱ्याने ते वाचायला कचरू नये. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले तेवढे ठीक होते. पुढे त्यांनी त्याच्या दुःखाची कारणमीमांसा सुरू केली आणि शेवटी देवानेच त्यांना फटकारले.