दात बघण्याची रीत

माळेगावच्या यात्रेत सौदा जनावराच्या तोंडापासून सुरू होतो. नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यात मार्गशीर्ष वद्यात खंडोबाची ही यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, बैल यांच्या रांगा लागतात आणि गिऱ्हाईक शिंगं, खांदा, चाल पाहतापाहता ओठ बाजूला करून दात मोजतं. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, त्यामुळे सगळा हिशेब खालच्या आठांवर. सगळे दुधाचे असले तर ‘आदत’. अडीचेक वर्षांनी दोन पक्के आले की ‘दोन दाती’, मग चार दाती, सहा दाती आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास आठही भरले की ‘जुळला’. उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीच्या बाजारात गोऱ्हा देवणी असो की लालकंधारी, त्याचं वय सांगणारा कागद कुणी मागत नाही. दात हाच दाखला. ‘धर्माची गाय अन् दात का नाय’ ही म्हण या सवयीतूनच आली. फुकटचं जनावर घेतानाही माणसाचा हात तोंडाकडे जातोच.

ही विद्या थोर आहे, पण तिची नजर किमतीवर होती. जनावराला दात दुखतो का, हे तिनं फारसं विचारलं नाही. कुत्र्याच्या तोंडात तर कुणी डोकावलंच नाही.

नवल वाटावं असंच हे, कारण या मुलखात कुत्र्याला देवापाशी जागा आहे. माहूरच्या दत्तापाशी चार कुत्रे चार वेदांची खूण म्हणून उभे असतात. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावतो, आणि नवसानं सोडलेला वाघ्या स्वतःला त्या देवाचा कुत्रा म्हणवून भिक्षेचा कोटंबा पुढे करतो. शेजारच्या कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात शिकारी कुत्र्यांच्या खेळाला वेगळं प्रकरण दिलं. आजही माळेगावात घोड्यांबरोबर श्वानप्रदर्शन भरतं. मान होता, कौतुक होतं. पण शेतातल्या आखाड्यावरच्या राखणीच्या कुत्र्यानं म्हातारपण गाठणंच अवघड, मग त्याच्या हिरड्या कोण बघणार?

छोटा कुत्रा घरात आला आणि चित्र पालटलं. 1994 मध्ये ‘हम आपके हैं कौन’ आला, त्यातला टफी हा पांढरा कुत्रा घराघरांत पोचला. लोक त्याला पॉमेरियन म्हणत. जात खरं तर इंडियन स्पिट्झ. नांदेड-लातूरच्या घरांत, पुढे फ्लॅटमध्येही असे कुत्रे दूध-भाकरीवर नि बिस्किटांवर वाढले आणि बारा-चौदा वर्षं जगू लागले.

इथेच दातांचं दुखणं पुढे आलं. कुत्र्याला पक्के दात 42. मोठ्या जबड्यात ते ऐसपैस बसतात, इवल्याशा जबड्यात दाटी होते. पिल्लाचे दुधाचे सुळे कधीकधी पडतच नाहीत, नवे त्यांना खेटून उगवतात आणि त्या फटीत अन्न अडकतं. मऊ थर साठतो, लाळेतल्या क्षारांनी त्याचं किटण होतं, ते हिरडीखाली सरकतं, हाड झिजतं, दात हलू लागतो. घरचे मात्र म्हणतात, ‘म्हातारा झाला, वास येणारच.’ हा वास वयाचा नसतो, आजाराचा असतो. एकाच बाजूनं चावणं, घास तोंडातून पडणं, पंज्यानं तोंड घासणं, हीच त्याची तक्रार. कुत्रा दुखणं लपवतो आणि खात राहतो, म्हणून फसगत होते.

अशी दुखणी ओळखायला शिकवणारं पशुवैद्यकीय महाविद्यालय उदगीरला आहे. देवणी गाईंच्या प्रदेशातलं हे महाविद्यालय. इथे शिकणाऱ्याला बैलाच्या दातांइतकंच कुत्र्याचं तोंडही अभ्यासावं लागतं.

म्हाताऱ्या कुत्र्याचे दात नीट साफ करायचे तर पूर्ण भूल द्यावी लागते, कारण खरी घाण हिरडीखाली असते. त्याआधी रक्त, मूत्रपिंड, यकृत आणि हृदय तपासून घेतात. नखानं वरवर किटण खरवडलं तर दात चमकतो, आजार जागच्या जागी राहतो. घरी बोटावर चढवायचा मऊ ब्रश आणि कुत्र्यांसाठीची पेस्ट वापरावी. माणसांची नको; कुत्रा ती गिळतो, आणि एखादीत झायलिटॉल असलं तर ते त्याला विषच.

काही दात काढावेच लागतात. मालक तेव्हा फार कळवळतात, आता हा खाणार कसा म्हणून. पण जखम भरली की तो म्हातारा पाण्यात भिजवलेली भाकरी हिरड्यांनीही चट्टामट्टा करतो, आणि कित्येक महिन्यांनी पुन्हा वाडग्याशेजारी बसून शेपटी हलवतो.