डीडब्ल्यू-१२ : एका शर्यतीच्या गाडीची जन्मकथा

यंत्रांच्या इतिहासात माणसांची नावे बहुधा संशोधकांची किंवा कारखानदारांची असतात. अमेरिकेतील इंडीकार या शर्यतमालिकेत २०१२ साली जी गाडी धावू लागली, तिला मात्र तिची चाचणी घेणाऱ्या चालकाचे नाव आहे. डीडब्ल्यू म्हणजे डॅन व्हेल्डन. हे नाव गाडीला कसे मिळाले, हे शोधताना मला त्यामागचा मोठा प्रश्न दिसू लागला. गाडी सुरक्षित करायची म्हणजे नेमके काय करायचे, आणि ते कोणी ठरवायचे?

या शर्यतींत चाके उघडी असतात. आपल्या रस्त्यांवरच्या मोटारींना असतात तसे मडगार्ड त्यांना नसतात. फॉर्म्युला वन पाहणाऱ्यांना हे रूप परिचित आहे. धोकाही त्यातच आहे. रसवंतीच्या चरकातले शेजारचे दोन रोलर परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात, म्हणून ऊस आत ओढला जातो. मागोमाग धावणाऱ्या दोन गाड्यांची चाके एकाच दिशेने फिरतात. पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाची पाठ वर जात असते आणि मागच्या गाडीच्या पुढच्या चाकाचे तोंड खाली येत असते. ती दोन टायर एकमेकांना टेकली की मागची गाडी पुढच्या चाकावर चढते आणि हवेत उडते. ताशी ३५० किलोमीटरच्या वेगात तिला सावरायला काहीच उरत नाही.

२०१० साली इंडीकारकडे जी गाडी होती तिचा आराखडा २००३चा होता. इटलीतल्या पार्माजवळच्या वारानो या गावी जाम्पाओलो दल्लारा यांनी १९७२ साली काढलेल्या कारखान्यात ती बनत असे. इंजिन पुरवणारी कंपनीही २००६पासून एकच, होंडा. गाडी जुनी झाली होती, महाग होती, आणि सगळ्यांची सारखीच असल्याने प्रेक्षकांचा रस आटत होता.

नव्या गाडीसाठी मालिकेने समिती नेमली. अमेरिकी हवाई दलातून निवृत्त झालेले जनरल विल्यम लुनी तिचे अध्यक्ष. समितीपुढे पाच प्रस्ताव आले : दल्लारा, इंग्लंडची लोला, कॅलिफोर्नियाची स्विफ्ट, बॅट इंजिनिअरिंग आणि डेल्टाविंग. पाचवा सर्वांत धाडसी होता. बेन बोल्बी यांनी रेखाटलेली ती गाडी पुढे बाणासारखी निमुळती, पुढची दोन चाके जवळजवळ चिकटलेली. वजन आणि इंधन निम्म्यावर आणण्याचा तिचा दावा होता.

१४ जुलै २०१० रोजी निकाल लागला. सांगाडा दल्लाराचाच, मात्र त्यावरची पंखे आणि पत्र्यांची बाह्यरचना कोणत्याही कंपनीने बनवावी. चालकाला वेढणाऱ्या मूळ सांगाड्याची किंमत ३,४९,००० डॉलर, दल्लाराच्या बाह्यरचनेसह पूर्ण गाडी ३,८५,००० डॉलर. शिवाय दल्लाराने इंडियानापोलिसच्या मैदानाशेजारी, स्पीडवे गावात कारखाना उभारायचा. इंजिन २.२ लिटरचे, सहा सिलिंडरचे, टर्बो जोडलेले. मला हा निर्णय तडजोडीचा नमुना वाटतो. खर्च, रोजगार, दिसण्यातले वैविध्य आणि सुरक्षा, प्रत्येकाच्या पदरात थोडे-थोडे पडले. टायरला टायर भिडू नये म्हणून मागच्या चाकांमागे आवरणे आली. उघड्या चाकांच्या गाडीची चाके अर्धी झाकली गेली!

चाचणी घ्यायला निवडला तो डॅन व्हेल्डन. इंग्लंडचा हा चालक २०११ची इंडियानापोलिस ५०० शर्यत नुकतीच जिंकला होता, तरी त्या हंगामात त्याला पूर्णवेळ संघ नव्हता. त्यामुळे त्याच्याकडे वेळ होता. ऑगस्ट २०११मध्ये ओहायोतील मिड-ओहायो मैदानावर त्याने नवी गाडी प्रथम चालवली. पुढच्या चाचण्यांत वजन मागच्या बाजूला जास्त असल्याचे उघड झाले आणि दुरुस्त्यांचे काम सुरू झाले.

१६ ऑक्टोबर २०११. लास व्हेगासचे दीड मैलाचे, उतरत्या कडांचे वर्तुळाकार मैदान. जुन्या गाडीची ही शेवटची शर्यत. ३४ गाड्या उतरल्या होत्या आणि व्हेल्डन मुद्दाम सर्वांत शेवटी उभा होता. तेथून जिंकला असता तर ५० लाख डॉलरचे बक्षीस एका प्रेक्षकाबरोबर वाटून घ्यायचे होते. अकराव्या फेरीत १५ गाड्या एकमेकींवर आदळल्या. व्हेल्डनची गाडी उडाली, कुंपणाकडे फेकली गेली आणि त्याचे डोके खांबावर आपटले. तो ३३ वर्षांचा होता. दोन आठवड्यांनी, ३० ऑक्टोबरला, भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत ग्रेटर नोएडात झाली. तेथेही त्याच्यासाठी, आणि दरम्यान मृत्यू पावलेल्या मोटारसायकलपटू मार्को सिमोन्चेलीसाठी, स्तब्धता पाळली गेली.

दल्लाराने नव्या गाडीला त्याचे नाव दिले. २०१२ची इंडियानापोलिस ५०० त्याच्या मित्रांनीच गाजवली : फ्रँकिटी पहिला, डिक्सन दुसरा, कनान तिसरा. पुढच्या वर्षी त्याच शर्यतीत आघाडी ६८ वेळा बदलली, तो विक्रम ठरला. गाडी यशस्वी झाली.

पण नवी गाडी असती तर व्हेल्डन वाचला असता, असे जे सर्रास म्हटले जाते ते मला पटत नाही. मागची आवरणे गाडी चढण्याची शक्यता कमी करत होती. एकदा उडालेल्या गाडीत उघडे डोके खांबापासून वाचवण्याची सोय मात्र याही आराखड्यात नव्हती. २०१५मध्ये नवी बाह्यरचना आली तेव्हा इंडियानापोलिसच्या सरावात तीन गाड्या उलटून हवेत गेल्या. त्याच वर्षी पोकोनोत दुसऱ्या गाडीचा तुटलेला तुकडा डोक्याला लागून जस्टिन विल्सनचा मृत्यू झाला. २०१८मध्ये चाकांमागची आवरणेच काढून टाकली गेली. चालकाच्या डोक्याभोवतीची पारदर्शक भिंत आली ती २०२०मध्ये.

आधी माणूस जातो, मग रेषा बदलते, हाच क्रम या दशकभरात दिसतो. समितीपुढे किंमत होती, कारखाना होता, दिसणे होते. उघडे डोके मात्र शंभर वर्षांच्या सवयीने सर्वांना स्वाभाविक वाटत होते. डिझाइनमधला सर्वांत मोठा धोका बहुधा असाच असतो, तो ज्याला धोका म्हणून कोणी मोजत नाही.

जुलै २०२४मध्ये याच सांगाड्याला विजेची जोड मिळाली आणि ती गाडी त्या रूपात प्रथम शर्यतीत उतरली मिड-ओहायोवर, जेथे व्हेल्डनने तिला पहिल्यांदा चालवले होते. सांगाड्याचे मूळ तेच होते. डोक्यावरची भिंत तेवढी त्याच्या वेळी नव्हती.